जिना आतून घ्या, असं कुणी सांगितलं?

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी लातूरला गेले होते. परत आले तेव्हा पिरंगुटजवळच्या चांदे गावातल्या आमच्या अर्धवट घराचा जिना थेट हॉलमध्ये उतरला होता. ठरला होता तो बाहेरून. वरचा मजला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्याने द्यायचा होता, आणि त्यांची ये-जा आमच्या सोफ्यासमोरून नको होती.

ठेकेदार विटा उतरवून घेत होता. मी विचारलं, "हे काय केलंत?"

"ताई, सायबांनीच सांगितलं. आतनं घ्या म्हनले."

संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. "मी कशाला सांगू? खोटं बोलतोय तो," तो म्हणाला. पण बोलताना फोनवरची नजर काही हलली नाही.

लेखी करार नव्हताच. भूमिपूजनाच्या दिवशी ठेकेदार म्हणाला होता, "कागद कशाला? माझा शब्द हाय की." आम्हीही हसून माना डोलावल्या होत्या.

आता मला सगळ्यातच काळंबेरं दिसायला लागलं. बाहेरच्या जिन्यासाठी घेतलेल्या सळया गेल्या कुठे? जवळच उरवडे गावात ठेकेदाराचं दुसरं काम चालू होतं. एका रविवारी मी स्कूटीवरून तिकडे गेले आणि रस्त्यावरूनच बघितलं. नव्या सळयांचा ढीग होता. पण सळयांवर कुणाचं नाव थोडंच असतं! तशीच परत फिरले. कुठे गेले होते ते घरी सांगितलं नाही. आम्ही दोघंही एकमेकांपासून लपवायला लागलो होतो.

शेवटी पिरंगुटच्या एका वकीलबाईंकडे गेलो. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, कागद नाही तर विसरा. त्या म्हणाल्या, "तोंडी करारही करारच असतो. फक्त तो सिद्ध करावा लागतो. मूळ नकाशा आहे, फोनवरचे मेसेज आहेत, बँकेतून गेलेले पैसे आहेत. तोडफोड करण्याआधी एखाद्या तटस्थ इंजिनिअरकडून पाहणी करून घ्या. मग नोटीस. ऐकलं नाही, तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी दावा. पोलीस बहुतेक म्हणतील, हा दिवाणी मामला आहे."

मी म्हणाले, "मग नोटीस पाठवा."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "तो म्हणणार, साहेबांनीच बदल सांगितला. तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल, की मी सांगितलं नाही. सांगाल?"

नवऱ्याने टेबलावरचा पेपरवेट उगाच सरकवला.

"त्यानं विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "बाहेरून घ्यायचा तर पाया खणावा लागेल, उशीर होईल म्हणाला. मी मीटिंगमध्ये होतो. बघा, तुम्हाला सोपं पडेल तसं करा, एवढंच बोललो."

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. आठवडाभर मी ज्याला चोर ठरवत होते, तो निदान अर्धं तरी खरं बोलत होता.

वकीलबाई म्हणाल्या, "मग दावा ठोकण्यात अर्थ नाही. समोरासमोर बसा. पण आता जे ठरेल ते लिहूनच घ्या."

ठेकेदार मेहुण्याला घेऊन आला. ठेकेदाराच्या शर्टाच्या खिशात फोन होता, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका कापडातून दिसत होता. माझाही फोन पर्समध्ये चालूच होता. त्याने माझ्या पर्सकडे पाहिलं, मी त्याच्या खिशाकडे.

"मी फसवलं न्हाई, ताई," तो म्हणाला.

"पण नकाशा बदलताना मला एक फोन करायचा होतात."

"व्हय, ते चुकलं. भायेर लोखंडी जिना करून देतो. लोखंड तुमचं, मजुरी माझी. आतला फोडून तिथं स्लॅब भरून देतो."

दोन प्रती लिहिल्या. त्याने प्रत्येक ओळ बोट ठेवून दोनदा वाचली, मेहुण्याकडून वाचून घेतली, मगच सही केली. आम्हीही तसंच केलं.

काम त्याने नीट केलं. भाडेकरू आता बाहेरून येतात. त्या सळयांचं मात्र मी कधीच विचारलं नाही. अजूनही नवरा गवंड्याशी किंवा प्लंबरशी फोनवर बोलायला लागला की मी हातातलं काम टाकून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहते. तो फोन स्पीकरवर टाकतो.