हळदीतला हात

येरमाळ्याला एसटी बराच वेळ थांबली होती. शेजारच्या बाई पन्नाशीच्या असाव्यात, कपाळ मोकळं. मांडीवर लॅपटॉप आणि व्हिडिओ एडिटिंग शिकवणारं जाड पुस्तक. एक बोट पुस्तकातल्या ओळीखाली धरून त्या ती ओळ पुटपुटायच्या, तेवढंच लॅपटॉपवर करायच्या आणि बोट खाली सरकवायच्या.

मला कौतुक वाटलं. "छंद आहे का, मावशी?"

"तसंच समजा. लेकीच्या लग्नाचं शूटिंग हाय. पुस्तकात बघून नीट करते."

पडद्यावर नवरी पाटावर बसली होती. बायका अजून जमायच्या होत्या. एवढ्यात कडेनं एक हात आला, बांगडी नसलेला. त्यानं नवरीच्या गालाला हळद लावली. नवरीनं डोळे मिटले. बाईंनी नेमका तेवढाच तुकडा कापून टाकला.

"कुणाचा हात होता?"

"माजाच. मालक गेल्यावर आपण लावायची नसती. पर राहवलं न्हाय. सासरच्यांनी बघितलं तर पोरीला बोल लागंल."

एवढ्या जाड पुस्तकातून त्या स्वतःला पुसायला शिकत होत्या.

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "बघा बरं ताई, मी दिसते का कुठं?"

"नाही," मी म्हणाले.

पडद्यावर बायका अजून यायच्या होत्या, आणि नवरीच्या गालावर चार पिवळी बोटं आधीच उमटलेली होती. ती मी त्यांना दाखवली नाहीत.