मेलेल्या माशांचा पंचनामा

मेलेल्या माशांची ती केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण शनिवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर कोणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणालं की मी हीच सांगायला घेतो आणि मंडळींची तोंडं उतरतात. माशांचा कसला आलाय तपास! असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी माझी काही हरकत नाही.

तेव्हा मी खडकवासल्याच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक गाव होतं, शहरात अर्धंअधिक शिरलेलं. तिथल्या बायकांच्या बचत गटाने गावच्या जुन्या तळ्यात रोहू आणि कटला सोडले होते. तळ्याला तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. मासे विक्रीला आले होते आणि एके सकाळी सगळे पोट वर करून तरंगताना दिसले. गटाच्या अध्यक्षाबाई बायकांचा घोळका घेऊन ठाण्यात थडकल्या.

“इष घातलंय साहेब. अन् कुणी घातलंय ते आख्ख्या गावाला ठाऊक हाय. त्याला आधी आत टाका, मग तुमचं लिहित बसा.”

आख्ख्या गावाला ठाऊक असलेला तो माणूस म्हणजे एक लॉन्ड्रीवाला. यवतमाळकडून बायको-मुलीला घेऊन आलेला. तळ्याच्या वरच्या अंगाला भाड्याची पत्र्याची शेड, त्यात हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुवायचा. धुण्याचं पाणी चरातून तळ्याच्या बाजूने खाली जायचं. आमचा खबऱ्या चहाची टपरी चालवायचा, त्याने टीप दिली, “साहेब, आदल्या दिवशी पठ्ठ्याला चरात पांढरा कॅन उपडा करताना पाहिलंय.” शेडची झडती घेतली तर पातळ ब्लीचचे कॅन मिळाले. पशुवैद्यकांनी मासे तपासले आणि कल्ले पांढरट, बुळबुळीत झालेत, हे ब्लीचसारख्या रसायनाचंच काम दिसतंय, असं सांगितलं. गावाच्या दृष्टीने निकाल लागला होता.

गुन्हा दाखल केला, शेडला सील ठोकलं, त्याला चौकशीला बसवलं. पोलिसासमोर खोटं बोलणारा माणूस आधी शपथा घेतो. ह्याने एकही घेतली नाही. म्हणाला, “कॅन धुतला जी मी. रिकामा होता. अन् चराचं पाणी तं रोजच जाते. मासे त्याच दिवशी काहून मेले, हे मलेच समजून नाही राह्यलं.”

प्रश्न बिनतोड होता. मी त्याला अटक केली नाही. रोज हजेरी लावायला सांगितलं. त्यावरून गावाने माझा उद्धार केला तो वेगळाच. पण त्या माणसाची परवड सुरू झाली होती. जागामालकाने शेड खाली करायला सांगितलं. हॉटेलवाल्यांनी काम थांबवलं. मुलीला शाळेत ‘मासेमार’ म्हणून चिडवायला लागले, तशी तिने शाळेत जायचंच सोडलं. बायको हजेरीच्या वेळी त्याच्याबरोबर यायची, दारात उभी राहायची आणि एकच विचारायची, “साहेब, आम्ही गावाकडं परत जाऊ का?” मला फार वाईट वाटायचं. आरोप खोटा असेल तर हे कुटुंब आमच्या डोळ्यांदेखत उठत होतं.

सरकारी प्रयोगशाळेत नमुने पाठवले होते, पण तिथली रांग मला ठाऊक होती. म्हणून एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंना गाठलं. बाई अस्सल पुणेरी. “म्हणजे पोलिसांना मासे मारून हवेत,” त्या म्हणाल्या. “एरवी तुम्ही हे काम कोणाकडून करून घेता?”

बाईंनी त्याच जातीची लहान मासळी आणली आणि आधी काही दिवस टबात नुसती रुळू दिली. मी घाई केली तर म्हणाल्या, “अहो, प्रवासानेच दमून मेली तर ते खापर कोणावर फोडणार आपण?” मग वेगवेगळे टब मांडले. एकात नुसतं पाणी. काहींत लॉन्ड्रीच्या चराचं पाणी (त्यासाठी सील काढून एकदा धुणं करून घेतलं होतं), तळ्यात मिसळलं असतं त्याहून जास्तच. बाकीच्यांत ब्लीच, चढत्या मात्रेने. चार दिवस बघायचं, कोण जगतं, कोण मरतं. एवढीच परीक्षा. ब्लीचच्या वरच्या मात्रांत मासे आधी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमिट करायला लागले, मग तोल जाऊन आडवे झाले. बघवत नव्हतं. बाईसुद्धा त्या दिवशी टोमणा मारायला विसरल्या. चराच्या पाण्यातले मात्र चारही दिवस हुंदडत होते. कपड्यांचा मळ काढताना ब्लीचचा जोर सरतो, उरलासुरला चरातल्या उन्हात जातो, असं बाईंनी समजावलं.

मग त्यांनी पंचनाम्यातली एक पुडी पुढे ओढली. तळ्याच्या पायरीवरून आम्ही थोडे पांढरे खडे उचलले होते. “हा चुन्याचा गाळ. ब्लीचिंग पावडरीचा. तुमचा माणूस पातळ ब्लीच वापरतो, त्याचा असा गाळ राहत नाही. पावडर पायरीवर उभं राहून टाकलीय.”

पायरी कुंपणाच्या आत होती. म्हणजे कुलूप उघडून आत गेलेला माणूस.

ठाण्यात परतलो तेव्हा ठाणे अंमलदार म्हणाला, “साहेब, ते आजोबा आजही आले होते. रोज येतात, बाकड्यावर बसतात, पाणी पितात आणि जातात. काम विचारलं तर म्हणतात, काही नाही.”

पोलीस ठाण्यात कोणी हवा खायला येत नाही. आजोबा म्हणजे अध्यक्षाबाईंचे सासरे. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर हयात घालवलेले. टाकीत पावडर टाकायचं काम त्यांचंच. दुसऱ्या दिवशी ते आले तसा मी त्यांच्या शेजारी बाकड्यावरच बसलो. चहा मागवला. काही विचारलं नाही. अर्धा चहा झाल्यावर कप बाकड्यावर ठेवून ते बोलले.

“त्या लॉन्ड्रीवाल्याला सोडा साहेब. मासे मी मारले.”

तळ्याचं पाणी हिरवं पडलं होतं, वास मारत होता. आजोबांनी घरातली किल्ली घेतली आणि अंदाजाने दोन घमेली पावडर टाकली. मागेही टाकली होती, तेव्हा माशांना काही झालं नव्हतं. पण ती घरी उघड्या गोणीत पडून राहिलेली, जोर उडून गेलेली जुनी पावडर होती. या खेपेला ती संपत आली म्हणून त्यांच्या जागी आलेल्या माणसाकडून नव्या सीलबंद गोणीतली आणली. ग्रामपंचायतीत त्यांच्या वाट्याला कायम शिळीच पावडर आली होती, हाताला सवय तिच्याच मापाची.

खरं की बचाव? जुन्या गोणीच्या तळाशी थोडी पावडर निघाली. प्राध्यापिकाबाईंनी पुन्हा टब मांडले. तेवढ्याच वजनाची जुनी पावडर टाकली, मासे जगले. नवी टाकली, एकही वाचला नाही. आजोबा खरं सांगत होते. हेतू नव्हता, चूक होती. गटाने तसे जबाब दिले आणि आम्ही न्यायालयाला ‘क’ समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा.

पण त्याआधी मी सगळ्यांना ठाण्यात एकत्र बोलावलं. अध्यक्षाबाईंना कळलं तेव्हा त्या सासऱ्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. “मामा, मला एका शब्दानं विचारायचं न्हाई का?”

“विचारलं असतं तर तू म्हणली असतीस, मामा, तुमी बसा निवांत. रिटायर झाल्यापासनं समदी मला बसाच म्हणत्यात गं. म्हटलं, पाणी मला कळतंय, तेवढं तरी करावं.” म्हातारा लहान मुलासारखा रडला. अध्यक्षाबाईंनी पदराने त्यांचे डोळे पुसले, रागावल्या नाहीत. मग उठल्या आणि लॉन्ड्रीवाल्यासमोर हात जोडले. “दादा, चुकलं आमचं. माफ करा.”

तो शांतपणे म्हणाला, “ताई, माफी इथं नोका मागू. मासे मारले म्हणलं ते गावात म्हणलं जी. साहेबाले तं आधीच समजलं होतं.”

कागद रंगवून त्याला मोकळं केलं की माझं काम झालं, असं मी धरून चाललो होतो. अध्यक्षाबाईंची मात्र मला कमाल वाटली. त्याच संध्याकाळी त्यांनी चावडीसमोर गाव गोळा केलं, सासऱ्यांना शेजारी उभं केलं आणि आमच्या घरची चूक होती, हा माणूस निर्दोष आहे, असं खणखणीत आवाजात सांगितलं. जागामालकालाही तिथेच उभं करून शेड त्याच्याकडेच राहील असं कबूल करून घेतलं. मुलगी आईचा हात सोडून पुढे येऊन ऐकत होती.

आम्ही माणसाला उचलतो ते चारचौघांत, आणि सोडतो ते मागच्या दाराने. हे मला त्या लॉन्ड्रीवाल्याने शिकवलं. पुढे नोकरीत जो जो संशयित निर्दोष निघाला, त्याला मी सरकारी गाडीत पुढच्या सीटवर बसवून दिवसाढवळ्या त्याच्या गल्लीत सोडायला गेलो. खाली उतरायचो, त्याच्या घरी चहा मागायचो आणि शेजारीपाजारी बाहेर येऊन बघेपर्यंत तो सावकाश पीत बसायचो.