देवराष्ट्र्याचं घर, मिरजेचं काम आणि मधले साठ किलोमीटर

"दीडच तास तर लागतो" हे वाक्य मला गेल्या महिन्यात ज्या ज्या माणसानं ऐकवलं, त्या प्रत्येकाला एकदा तरी सोमवारी सकाळी कुंडलच्या पुढे उसाच्या ट्रॉलीमागे उभं करायची माझी इच्छा आहे. सागरेश्वरावर लिहिणाऱ्या तमाम ब्लॉगवाल्यांनाही त्याच रांगेत घेईन. देवळं, हरणं, टेकडीवरून दिसणारी कृष्णा, सगळं लिहितात आणि शेवटी हमखास "इथंच राहावंसं वाटतं" असं ठोकून देतात. अरे, मग राहा की! राहून सकाळी नऊला कामावर हजर कसं व्हायचं, ते कोण लिहिणार? कुणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहितोय.

आधी स्वतःबद्दल. मी मिरजेत सतार-तानपुऱ्याच्या कारखान्यात काम करतो. कारखाना म्हणजे दोन खोल्या, भोपळ्यांचा ढीग आणि आमचे निजामचाचा. माझं काम जवारी लावायचं. तानपुऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, तिची पाठ कानशीनं केसभर केसभर घासायची, तार छेडायची, ऐकायचं आणि पुन्हा घासायचं. घोडी नीट जमली तर तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. हे मोजायचं यंत्र नाही, सगळी मदार कानावर. म्हणून चाचांचा एक नियम आहे: जवारीवाल्यानं सकाळी आल्यावर पंखा बंद करून, चहा निवेपर्यंत गप्प बसायचं. चाचा त्याला कान धुणं म्हणतात. चौदा वर्षं मी रोज कान धुऊन कामाला बसतोय.

आणि आमचं घर? स्टेशनच्या रस्त्यावर, रिक्षा स्टँडच्या बरोबर वर. सुरेखा, माझी बायको, घरीच ब्लाऊज शिवते. तिला माप विचारायचं असलं तरी ओरडावं लागतं.

यंदा हिवाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी आम्ही दोघं सागरेश्वरला गेलो होतो. मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. कुणीतरी आत घंटा वाजवली. तो नाद बारीक होत होत कुठे संपला, ते मला कळलं. हसू नका. ज्याचं पोट नादावर आहे, त्यानं कित्येक वर्षांत एकही नाद शेवटपर्यंत ऐकलेला नव्हता, मध्येच कुणाचा तरी हॉर्न यायचा. मी सुरेखाकडे बघितलं. ती म्हणाली, "आवं, हितं खोली मिळंल का?"

खोली मिळाली, नव्हे, अख्खं घर मिळालं. सागरेश्वरच्या पायथ्याला देवराष्ट्र्यात मिलिटरीतून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत, त्यांनी शेतात नवं घर बांधलं आणि गावातलं जुनं रिकामं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे कढीपत्ता आणि शेवगा. भाडं आमच्या मिरजेच्या घरापेक्षा कमी. पण एक मास्तरही ते मागत होते, त्यामुळे सुभेदारांनी स्पष्ट सांगितलं, "गुरुवारपतूर हो का न्हाई ते कळवा. आपल्याकडं फौजेचा टाइम हाय."

मग मी ठरवलं, तीन दिवस राहून बघू. सोमवार, मंगळवार, बुधवार रोज तिथून मिरजेला जायचं आणि परत यायचं. तीन दिवस, तीन वाहनं. चाचा फक्त एवढंच म्हणाले, "जाओ बेटा. पण कान सांभाळून आण."

रविवारी दुपारी आम्ही मोटारसायकलवर निघालो. सांगली ओलांडून पलूसला चहाला थांबलो, स्टँडबाहेरची कांदाभजी खाल्ली, जरूर खा. पलूस सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षबागा, कुंडलनंतर टेकड्या जवळ यायला लागतात. रविवारी दुपारी हा रस्ता इतका गोड वागतो की त्याच्या खोटेपणाची आता मला चीड येते. आम्ही दीड तासात पोचलो. म्हणजे ते दीडच तासवाले रविवारचे होते तर!

सुभेदारांच्या मंडळींनी भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि सायीचं दही वाढलं. सुरेखानं मशीन कुठं ठेवायची, ती खिडकीसुद्धा नक्की केली. संध्याकाळी पडवीत बसलो तर लांबच्या वस्तीवरच्या शेरडाचं ओरडणं स्वच्छ ऐकू येत होतं. मी मनातल्या मनात त्या मास्तरांची माफी मागून घर घेऊनही टाकलं.

सोमवारी सकाळी सहाला मोटारसायकल काढली. थंडी कडाक्याची, हेल्मेटखाली मफलर. कुंडल येईपर्यंत मजा होती. पुढे साखर कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरच्या टपावर लग्नात लावतात तसले स्पीकर! पहाटेपासून ऊस वाहणाऱ्या माणसाला झोप येऊ नये म्हणून गाणी लागतात, हे मला समजतं. पण त्याच्या मागे अर्धा तास अडकलेल्या माणसाला काय लागतं, याचा विचार कुणी करायचा? ओव्हरटेक करावं तर समोरून रिकाम्या ट्रॉल्या धडधडत येतात. तळहाताएवढा तो रस्ता, त्याच्यावर ऊस, शाळेच्या गाड्या, दुधाच्या गाड्या आणि मी. मिरजेत पोचायला दोन तास वीस मिनिटं लागली. चहा निवला, मी गप्प बसलो, तरी कानात ढोलकी चालूच. चाचांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला पॉलिशला बसवलं. चौदा वर्षांनी पॉलिश! संध्याकाळी परत गेलो तेव्हा अंधार झाला होता. सुरेखा उत्साहानं सांगत होती, शेजारच्या बाईनं दोन ब्लाऊज टाकले, ओढ्याच्या पलीकडे मोर आले होते. मी "हं, हं" करत जेवलो आणि झोपलो.

मंगळवारी एसटी. देवराष्ट्र्याहून पलूस, तिथे गाडी बदलून सांगली, सांगलीहून मिरज. पलूसला गाडी लागली आणि मी मुकाट्यानं चढून खिडकीजवळ बसलो. तेवढ्यात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात डबा, खांद्याला पर्स, स्वेटरच्या आत नर्सचा पांढरा कोट.

"ओ दादा, रुमाल दिसला न्हाई व्हय?"

मी उठलो. माझ्याखाली खरंच एक फुलाफुलांचा रुमाल होता. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, ही आपल्याकडची जुनी रीत मला ठाऊक होती. पण इथे रुमालाची जागा कायमची ठरलेली होती. अपडाऊन करणाऱ्यांची ही गाडी, कुणी कुठे बसायचं ते सगळ्यांना पाठ. मी नवखा, मी रुमालावर बसलो. अख्ख्या गाडीनं माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनीच सरकून जागा दिली. त्या सांगलीच्या एका दवाखान्यात होत्या आणि माझ्या दुर्दैवानं देवराष्ट्र्याच्याच निघाल्या.

"किती वर्षं करताय?" मी विचारलं.

"पोरगी पैलीत हुती तवापासनं. आता बारावीला हाय."

"गाव मात्र छान आहे हो तुमचं."

"आसंल की," त्या म्हणाल्या. "मी रोज अंधारात जाती, अंधारात येती. रविवारी धुणं आसतंय."

एवढं बोलून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि पुढच्या क्षणी झोपल्यासुद्धा. मला इतका राग आला की काय सांगू. त्यांचा नाही. जिथे राहावंसं वाटतं तिथे काम नाही, जिथे काम आहे तिथे कानात बोळे घालून राहायचं, आणि या दोन्हींच्या मध्ये बारा वर्षं झोपून काढायची, हे कुणी ठरवलं? आणि त्याला वर आपण "सवय होते" म्हणतो! सवय कसली होते, माणूस बधिर होतो. खिडकीची काच सांगलीपर्यंत एका सुरात थरथरत होती. तोच सूर घेऊन मी कारखान्यात गेलो. दिवसभर खुंट्या बसवल्या.

बुधवारी ताकारीपर्यंत मोटारसायकल आणि पुढे रेल्वे. नवखे असाल तर हाच मार्ग धरा, प्रामाणिकपणे सांगतो. स्टेशन जवळ आहे, गाडीत पाय पसरता येतात, भिलवडीच्या अलीकडे मळ्यांवरचं धुकं बघण्यासारखं असतं. पण माझा डबा नेमका असा मिळाला की दाराची एक पट्टी सुटलेली आणि ती रुळाच्या प्रत्येक सांध्यावर खणखणत होती. मी जागा बदलली. आवाज माझ्याबरोबर आला.

त्या दिवशी काम टाळता येणार नव्हतं. इस्लामपूरहून एक गाणं शिकवणाऱ्या बाई अकराला आपला तानपुरा न्यायला येणार होत्या. तानपुरा त्यांच्या आईचा, घोडी जुन्या हाडाची, तसलं हाड आता मिळत नाही. जवारी दर दोन-तीन वर्षांनी मीच लावायचो. मी चहा निवू दिला, गप्प बसलो, कानस घेतली. तार छेडली, मिटलेली वाटली. घासलं. अजून मिटलेली. पुन्हा घासलं. मला वाटत होतं, सूर उघडत कसा नाही? सूर उघडला होता, केव्हाच उघडला होता. माझा कान मिटलेला होता.

बाई आल्या. त्यांनी मांडी घातली, तानपुरा उभा धरला, चारही तारा एकदा छेडल्या आणि लगेच तारांवर तळवा ठेवला. पत्र्यावर खिळे सांडावेत असा तो आवाज. त्या ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मागच्या वेळीही तुम्हीच लावली होती ना?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चाचा उठले, घोडी उजेडात धरून बघितली. "कान कुठं ठेवून आलास रे?" ते म्हणाले. "खरखर काढता येईल. पण अजून खाली न्यावी लागेल. हिचं दोन वर्षांचं आयुष्य तू एका सकाळी घासलंस." बाईंना त्यांनी रविवारनंतर यायला सांगितलं. मला सांगितलं, "उद्या येऊ नकोस. झोप. परवा ये, आपल्या घरून ये."

आपल्या घरून! संध्याकाळी पोचलो तेव्हा सुरेखा पडवीत बसली होती. मी सगळं सांगितलं. मग मीच चिडून बोलत सुटलो: रस्ता, ट्रॉल्या, ती पट्टी, ते दीडच तासवाले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी गाव बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "मी बघितलं तीन दिस. लय ग्वाड हाय. पन मी एकटीनं बघितलं. तुमी यायचा, जेवायचा, झोपायचा. मिरजंत निदान वरडून तरी बोलतो आपन."

 तिनं खिडकीतली मशीनची जागा हातानं पुसली, उगीचच, कारण मशीन अजून मिरजेतच होती.

गुरुवारी सकाळी सुभेदारांकडे जाऊन नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते हसले. "गड्या, त्ये गावातलं घर मी नोकरीत आसताना बांधलं. आन राहिलो किती? वर्सातनं दोन सुट्ट्या. आमीबी अपडाऊनच केलं की, फकस्त लांबचं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तरला दितो घर. तुमी रविवारी येत जावा जेवायला. पाव्हणं म्हनून. आदी फोन करा, म्हंजी मंडळी भरीत करत्यात."

माणूस प्रेमानं बोलला, आणि तरीही ते मला झोंबलं. मला रविवारचं गाव नको होतं हो! मला मंगळवारचं गाव हवं होतं. जिथे दूध संपलंय म्हणून चपला घालून निघायचं, शेजारणीशी कचऱ्यावरून भांडायचं, संध्याकाळी पायरीवर बसून घंटा संपेपर्यंत ऐकायची, असं गाव.

बाईंची घोडी शनिवारी चाचांनी आणि मी मिळून सावरली. कान धुतलेले होते, आवाज गोल आला. पण ती आता पातळ झाली आहे. ती पुन्हा हातात येईल तेव्हा मला प्रत्येक वेळी ते दिसेल.

तुम्ही विचाराल, शेवटी हिशेब काय? जायचं तर जा. दवाखान्यातलं, बँकेतलं, शाळेतलं काम असेल आणि गाडीत झोपायची तयारी असेल, तर कदाचित जमेल. ज्यांच्या हातात कानस आहे त्यांनी विचार करावा. आणि "दीडच तास" म्हणणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या वारी?

काल संध्याकाळी रिक्षा स्टँडवर कुणीतरी हॉर्न दाबून बसलं होतं. सुरेखा रविवारसाठी पिशवी भरत होती. तिनं ओरडून विचारलं, "सुभेदारांना फोन केला का, उद्या येतोय म्हनून?"

मी म्हणालो, "फोन कशाला? आपल्याच घरी तर चाललोय."

तिनं पिशवीचे बंद आवळले. मग माझं मलाच आठवलं, आणि मी फोन केला.