तारा फाटला हे ओळखायचं कसं? आबांना विचारा

मंडळी, बारामतीच्या सायबर कॅफेतून घाईत ही ई-मेल लिहितेय, पण सांगितल्याशिवाय राहवेना!

उद्या कॉलेजात मुलांपुढं कृष्णविवरांवर बोलायचंय. दूरच्या एका आकाशगंगेचा मधला भाग अचानक भडकला आणि काही महिन्यांत विझला. तिथल्या कृष्णविवरानं तारा फाडला, की ते रोजच वायू गिळत बसलेलं असतं? कृष्णविवर तर दिसतच नाही. मग ओळखायचं कसं, हे सोपं करून सांगताच येईना.

सकाळी शेळगावला वडिलांपुढं, म्हणजे आबांपुढं, रडगाणं गायलं. आबांनी उभी हयात मेंढरं राखलीत.

"आगं, लांडगा कुठं दिसतोय? जागा बघायची. जुनी हाडं असली तर त्येचं रोजचं खाणं तितंच. जागा आधी साफ आन् एकदाच लोकर उडालेली, तर चुकलेलं मेंढरू घावलं त्येला."

मी उडालेच! आधी शांत, एकच भडका, पुन्हा शांत, म्हणजे तारा फाटला. शास्त्रज्ञही हेच बघतात की!

निघताना आबा हळूच म्हणाले, "आन् त्या ताऱ्याला राखाया कुणीच न्हवतं व्हय?"

मंडळी, उद्या मुलांनी हेच विचारलं तर काय सांगू?