(आ) व (इ) : प्रश्न उद्भवत नाही

ही गोष्ट माझ्या घरात कुणाला माहीत नाही. ऑफिसात नाही, गावात तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितली नसती, हेही आताच सांगून टाकतो. धीर वगैरे आलेला नाही. निवृत्त झालोय, एवढंच.

आधी माझं काम काय होतं ते सांगतो. नाही तर पुढचं नुसतं कारकुनी भांडण वाटेल.

आमदार विधानसभेत प्रश्न विचारतात आणि मंत्री उत्तरं देतात, असं शाळेत शिकवतात. मंत्री उत्तरं देत नाहीत. उत्तरं मी देत होतो. बेंगळुरूत, रुग्णालयांशी संबंध असलेल्या एका खात्यात, खिडकीपासून लांबच्या टेबलावर. मंत्री सही करायचे. अधिवेशनात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसं एकमेकांना 'सन्माननीय' म्हणत आत जायची, शिपाई त्यांच्यामागून लाल फायली घेऊन पळायचे — आणि त्या फायलींत माझी वाक्यं असायची. मला या थाटाचं हसू यायचं. आपण त्यातले नाही, असंही वाटायचं. हे लक्षात ठेवा.

प्रश्न दोन प्रकारचे. एकाचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं, आणि आमदार तिथल्या तिथं उलट विचारू शकतो — मग, पुढं काय? मंत्री घाबरतात ते या 'पुढं काय'ला. दुसरा नुसत्या लेखी उत्तराचा. छापील कागद सभागृहाच्या पटलावर ठेवला की झालं. तिथं उलट विचारायला कुणी उभं राहत नाही.

तरी लेखी उत्तराला वजन असतं. त्यात खोटं लिहिता येत नाही. लिहिलं आणि सापडलं, तर मंत्र्यावर हक्कभंग येतो. म्हणून आमच्या कामाचा पहिला धडा — खोटं लिहायचं नाही. खरंच लिहायचं, पण विचारलंय तेवढंच. प्रश्नाचे भाग असतात : (अ) अमुक झालं आहे काय? (आ) नसल्यास, कधी होणार? (इ) उशिराची कारणं काय? (अ) ला 'होय' लिहिता आलं, की (आ) आणि (इ) समोर लिहायचं — प्रश्न उद्भवत नाही. एक शब्द आणि एक छोटं वाक्य. आमदाराचं महिनाभराचं काम तिथं संपतं.

मी यात चांगला होतो. चांगला म्हणजे — मंत्री बदलले तरी माझं टेबल बदललं नाही.

आता गुंडू.

गुंडू माझ्या गावचा, सीमेवरच्या तालुक्यातला. घरी मराठी, बाजारात कन्नड, शिव्या दोन्हीत. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. पुढं तो आमच्या आमदाराचा माणूस झाला — अर्ज लिहिणं, लोकांना भेटवणं, आमदाराला भाषणात कुठं थांबायचं ते सांगणं. आमदार हा थांबणाऱ्यांतला नव्हता. छाती आधी आणि माणूस नंतर दारातून आत यायचा. गुंडूवाचून त्याला तालुक्याचा नकाशाही सरळ धरता आला नसता.

मग गुंडूच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात यंत्रं होती, नवी कोरी. पण ती चालवणारा माणूस नेमलेला नव्हता. खोलीला कुलूप. म्हणून तो भाड्याच्या जीपमधून शहरात जायचा. जाताना बरा असायचा, येताना मागच्या सीटवर आडवा.

अधिवेशनाला तो आमदाराबरोबर बेंगळुरूला आला, माझ्याकडे यशवंतपूरला उतरला. ऑफिसात भेटायला आला तेव्हा मी त्याला आमच्या लोकांबरोबर खाली कॉफीला नेलं. तिथं कुणीतरी म्हणालं, तुमचा मित्र इथं फार मोठा माणूस आहे.

"हा?" गुंडू म्हणाला. "हा लेका माझ्या मागच्या बाकावर बसायचा. माझं बघून लिहायचा. आता मंत्री ह्याचं बघून वाचतोय. मग मी कोण झालो, सांगा बघू? मंत्र्याचा मास्तर!"

सगळे हसले. मीही हसलो. कॉफीचे पैसे मीच दिले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात सुरू झालं — "काय, तुमचे मेष्ट्रू आज आले नाहीत?" मास्तरला कन्नडमध्ये मेष्ट्रू म्हणतात. मसुदा चांगला झाला की, "मेष्ट्रूंना दाखवून आणलात वाटतं?" आठवडाभर.

हे कारण होतं का? मला माहीत नाही. 'होय' म्हटलं तर ते कारण होऊन बसेल, आणि कारण म्हणजे अर्धी माफी. एका विनोदासाठी कुणी असं करतं का? मी केलं. एवढंच खरं.

त्याच आठवड्यात मी त्याला घराजवळच्या एका रुग्णालयात डायलिसिसला घेऊन गेलो. सकाळची वेळ. एका हाताला सुया, त्यातून रक्त बाहेर जाऊन, फिरून, परत आत येत होतं. मी पहिल्यांदाच बघत होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घाबरू नको मर्दा, माझंच हाय. तुझं नाही घेत." मग मोकळ्या हातानं उशीखालचा कागद काढला. आमदाराच्या नावानं विचारायचा प्रश्न त्यानं लिहून आणला होता.

त्यात होतं — आमच्या तालुक्याच्या रुग्णालयातली डायलिसिसची यंत्रं वापरात का नाहीत, आणि ती चालवायला माणूस कधी नेमणार?

तुम्ही या धंद्यातले नाही. म्हणून सांगतो. तो प्रश्न बिनचूक होता. त्यातून मला मंत्र्याला बाहेर काढता आलं नसतं. 'माणूस नेमलेला नाही' हे लिहावंच लागलं असतं, खाली मंत्र्याची सही आली असती, आणि एकदा असं छापून आलं, की खात्याला ते पद भरावं लागतं.

"बघ की एकदा," तो म्हणाला. "तुला कळतंय यातलं. कुठं अडकायला नको."

मी कागद हातात घेतला. वाचला. आणि म्हणालो, हा अडकेल.

का म्हणालो? कुणी सांगितलं नव्हतं. मंत्र्याला त्या तालुक्याचं नावही ठाऊक नसावं. माझी बढती, बदली, काहीच त्यावर अवलंबून नव्हतं. मी शांतपणे त्याला समजावलं. 'का नाहीत' म्हणजे तू गृहीत धरलंस, असले प्रश्न विधिमंडळातून परत येतात. वस्तुस्थिती विचारावी. यंत्रं बसवली आहेत काय? नसल्यास, कधी बसवणार? उशिराची कारणं काय? यात अर्धा भाग खरा होता — आरोप करणारे प्रश्न परत येतात. पण त्याचा तसा नव्हता. आणि यंत्रं बसवलेली आहेत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो म्हणाला, "पण यंत्रं तर बसवली हायत की रे."

मी म्हणालो, तेच तर. ते 'होय' म्हणतील, मग वापरात का नाहीत हे त्यांना आपोआप सांगावं लागेल. अशीच पद्धत असते.

अशी पद्धत नसते. मी आयुष्यभर याच्या उलट पद्धतीनं जगलो होतो.

पुढं आणखी एक. मी म्हणालो, लेखी उत्तराचा टाक. उभं राहून विचारायच्या प्रश्नांची सोडत निघते, तुमचा नंबर लागेल न लागेल. हेही खरंच होतं. आणि आमदाराला उलट विचारायची संधी राहू नये, हेही मला हवं होतं.

मग मी सांगत गेलो आणि तो लिहीत गेला. मोकळ्या हातानं. तो हात डावा होता, म्हणून अक्षर वेडंवाकडं येत होतं, आणि तो मला थांबवत होता — "हळू, हळू लेका. मेष्ट्रूचा हात दुखतोय." ती चेष्टा त्याच्यापर्यंत पोचली होती. त्याला ती आवडली होती.

मला तेव्हा काय वाटत होतं? सांगतो, कारण हेच सांगायला बसलोय. मजा वाटत होती. प्रश्नही माझा, उत्तरही माझं, आणि समोरचा माणूस मनापासून आभार मानतोय. इतकं नेटकं काम नोकरीत कधी झालं नव्हतं.

प्रश्न माझ्याच टेबलावर आला. (अ) होय. (आ) व (इ) प्रश्न उद्भवत नाही. मंत्र्यांनी सही करताना म्हटलं, "सरी, ठीक आहे. तुमचं उत्तर कसं, बघायला लागत नाही." मी नम्रपणे हसलो.

आमदाराचं तर काही विचारूच नका. त्याला त्या कागदावरचा 'होय' तेवढा दिसला. त्यानं गावच्या चौकात भला मोठा फ्लेक्स लावला — स्वतःचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'सन्माननीय आमदारांच्या पाठपुराव्यास यश, तालुक्यात डायलिसिस यंत्रं!' ही हकिगत मी ऑफिसात रंगवून सांगितली. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. जीप त्याच चौकातून सुटायची. गुंडू त्या फ्लेक्सखाली उभा राहून जीपची वाट बघायचा. हे मी त्या हकिगतीत सांगत नव्हतो.

त्याचा फोन आला. मी तयारीत होतो — तो चिडेल, विचारेल, मग मी नियम सांगेन. तो म्हणाला, "मीच नीट सांगितलं नाही बघ तुला. यंत्रं हायत पण माणूस नाही, हे तुझ्या डोक्यात बसलंच नसंल. माझी चूक." मी काय म्हणालो? म्हणालो, असू दे, होतं असं.

होतं असं!

पुढच्या अधिवेशनाआधी त्यानं परत विचारलं, आता टाकू का? मी म्हणालो, एकदा उत्तर आलेला विषय लगेच घेता येत नाही, थांब जरा. घेता आला असता. वेगळा प्रश्न होता तो. पण आता तो नीट विचारला गेला असता, तर आधीच्या वेळी मी काय केलं ते कुणाच्या तरी लक्षात आलं असतं — कदाचित त्याच्याच. पहिल्या वेळी मजा होती. या वेळी नुसती भीती. यातलं जास्त वाईट कुठलं, ते तुम्ही ठरवा. मला ठरवता आलेलं नाही.

तो थांबला. मग रस्त्याचं काम निघालं, जीपवाला यायचा बंद झाला, दुसरी गाडी वेळेवर मिळाली नाही. डायलिसिसची एक पाळी चुकली, मग दुसरी. आमदाराची गाडी त्या दिवशी एका लग्नाला गेली होती. गुंडू घरीच वारला. कुलूप असलेली खोली त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती.

मी गेलो भेटायला. त्याची बायको कस्तुरीवहिनी म्हणाल्या, "तुम्ही एवढं केलंत भावजी, पण आमचं नशीब." मी मान हलवली.

नंतर आमदाराचा फोन आला. गुंडूच्या नावानं काहीतरी करायचंय, आवाज भरून आलेला, आणि मला वाटतं खरंच भरून आला होता. प्रश्न लिहून द्या, म्हणाला. मी लिहून दिला. गुंडूनं उशीखालून काढला होता, तोच. शब्दही बदलला नाही. विधिमंडळातून परत आला नाही. उत्तरात मी लिहिलं — यंत्रं चालवण्यासाठी कर्मचारी नेमलेला नाही. मंत्र्यांनी ते वाचून वर बघितलं.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मग नेमा की. यात काय लिहिण्यासारखं आहे?"

माणूस नेमला गेला. पहिल्याच वेळी नेमला गेला असता. इतकं सोपं होतं.

रुग्णालयातल्या त्या डायलिसिस केंद्राला गुंडूचं नाव द्यायचं ठरलं. उद्घाटनाला मला बोलावलं. जायचं नाही म्हणून ठरवलं, आणि गेलो. स्टेजवर मला आमदाराशेजारची खुर्ची. आमदार बोलला — बेंगळुरूत बसून आपल्या मातीसाठी झटणारा माणूस, वगैरे. मी जन्मभर ज्या भाषणांना हसलो, तसलंच. या वेळी मी त्यात होतो, आणि खोटं सांगत नाही, ऐकायला बरं वाटत होतं.

मग सगळे त्या खोलीपाशी आलो. कुलूप काढलेलं, दाराला लाल फीत. आमदारानं हात पुढं केला होता. पण वहिनींनी ताट माझ्यासमोर धरलं. ताटात कात्री.

"भावजी, तुम्हीच कापा," त्या म्हणाल्या. "हे असते तर यांनीही तुम्हालाच सांगितलं असतं."

खरं होतं. त्यानं मलाच सांगितलं असतं.

मी कापली.