बाजाराच्या दिवशी बंद गिरण

मी मंद्रूप सोडलं तो आठवडी बाजाराचा दिवस होता, म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, मला एसटीपर्यंत पोचवायला आले नाहीत. आमची पिठाची गिरण. बाजाराच्या दिवशी ती बंद ठेवणं म्हणजे आमच्या घरात पापच. दादा तेवढे दारापर्यंत आले, पिठानं पांढरे झालेले हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "जा. हितली काळजी करू नको. पर हात हलवत माघारी येऊ नको." मला असा राग आला! पोरगी सातासमुद्रापार निघालीय आणि यांना ज्वारीच्या डब्यांची पडलीय. सोलापूर येईपर्यंत मी केसांतलं पीठ झटकत होते.

गावाकडचे तुम्ही अजून विचारता, सत्तरच्या दशकात हॉलंडला जाऊन हिनं केलं काय? तर मोठ्या डिश अँटेनांनी ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपल्या. काही निळसर तारे सूर्याहून कितीतरी तापलेले असतात. त्यांच्याभोवती जबर चुंबकीय क्षेत्र असेल, तर त्यात अडकलेले कण गरगरणार आणि त्यातून लहरी निघणार, असं मला वाटत होतं. पुरावा मात्र नव्हता.

काही वर्षांनी एका ताऱ्याकडे अँटेना वळवल्यावर लहरींची नोंद करणारी कागदावरची रेघ वर उठली. पण कधी उठे, कधी नाही. प्रोफेसर म्हणाले, ही आसपासच्या यंत्रांची खरखर, विषय बदल. म्हणजे हात हलवत माघारी.

खरखर मला शिकवता होय? गिरण सुरू झाली की आमचा रेडिओ खरखरायचा, बाजाराच्या दिवशी तर दिवसभर. यंत्रांची खरखर माणसांच्या कामाच्या वेळा पाळते. हॉलंडात रविवारी वर्कशॉप, कारखाने, सगळं चिडीचूप. मी निरीक्षणासाठी रविवार मागून घेतले आणि स्वेटरवर स्वेटर चढवून बसले.

रविवारीही रेघ उठली! तिला आमच्या वारांशी देणंघेणंच नव्हतं. तारा स्वतःभोवती फिरे आणि त्याच्या चुंबकाची ठरावीक बाजू आमच्याकडे आली की रेघ चढे, दर फेरीला. प्रोफेसरांनी कागद उलटसुलट पाहिले आणि माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "जिंकले की!" मी मराठीतच ओरडले.

पुढं रेडिओवर माझी मराठी मुलाखत लागली, नेमकी बाजाराच्या दिवशी. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईनं सांगितलं, "तुज्या दादांनी गिरणीचा पट्टाच काढून ठिवला. लोकं डबं घेऊन हुबी. म्हनाले, दळण हुईल की उद्या. आज माजी पोरगी बोलतीया, खरखर नगं."

दादा मान खाली घालून हसत होते. हॉलंडात माझा फ्लॅट आहे, सायकल आहे, शेजारी आहेत. पण घर कुठलं विचारलं, तर मी सांगते, माझ्यासाठी गिरण थांबली ते.