अक्काच्या वाटणीचा डेटा

माझ्या भावाचं आईवर फार प्रेम. आई माझ्याकडे कायमची राहायला आली तेव्हा तो पुण्याहून तिच्यासाठी मोठा टॅबलेट घेऊन आला. आईच्या पाया पडला, फोटो काढला आणि संध्याकाळी परत गेला. त्या टॅबलेटमध्ये सिम घालायला जागाच नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. फोन केला तर म्हणाला, "अगं, तुझा हॉटस्पॉट आहे की." प्रेम त्याचं आणि डेटा माझा, अशी आमची वाटणी झाली. वायफायवाल्याला मी तीनदा बोलावलं. तो 'येतो' म्हणाला, आणि गेले आठ महिने येतोच आहे.

टॅबलेटचा उपयोग एकच. दुपारी चार वाजता अक्का. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. ती गडहिंग्लजला असते आणि तिकडच्या कानडी वळणानं अख्खी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून मीही. तिला कमी ऐकू येतं. साध्या फोनवर ती "आँ?" म्हणायची, आई ओरडायची आणि उत्तर आमच्या खालच्या मजल्यावरून यायचं. अक्काचे गुडघे गेलेले, आईची कंबर गेलेली. तीन वर्षं दोघींपैकी कुणी एसटीची पायरी चढलेली नव्हती. म्हणजे एकमेकींचं तोंड दिसायचं ते फक्त माझ्या रोजच्या दीड जीबीतून.

इतक्या ओढीच्या बहिणी, तर मला वाटलं होतं काय काय बोलत असतील. आई पावणेचारला हात धुऊन, केस विंचरून बसायची. टॅबलेट तांदळाच्या डब्याला टेकवायची. मी कॉलेजात शिकवून नुकतीच आलेली असायची. माझा फोन खिडकीत नेऊन ठेवायचा, कारण आमच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या भिंती अशा की हॉटस्पॉटसुद्धा परवानगी घेऊन आत येतो. मग तिकडे अक्का उगवायची, शेंगांनी भरलेलं सूप मांडीवर घेऊन.

"भाजी काय?"

"घेवडा."

"हं."

झालं. पुढचा तासभर इकडे आई घेवडा मोडणार, तिकडे अक्का शेंगा फोडणार. मधूनच एकीनं वर बघायचं, दुसरी दिसतेय याची खात्री करायची आणि पुन्हा मान खाली. शेंगा फोडायचा आवाज मात्र अगदी स्पष्ट यायचा. जगात लोक डेटावर शिकतात, कमावतात, गेला बाजार भांडतात तरी. माझा डेटा घेवडा मोडण्यात जायचा. पन्नास टक्के संपल्याचा मेसेज आला की मी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवायची. आई म्हणायची, "अजून पन्नास हाय की."

त्या दिवशी साडेचारला आमच्या प्राचार्यांनी ऑनलाइन मीटिंग लावली. विषय होता वेळेचं नियोजन, आणि तो त्यांनी एक तास समजावून सांगितला. माझ्या फोनवर त्यांचा चेहरा अडकायला लागला तसा मी हॉटस्पॉट बंद केला. आईला सांगितलं नाही. सांगावं असं वाटलंच नाही, हे खरं आहे. दोघी गप्पच तर बसल्या होत्या. मध्ये गडहिंग्लजचे फोन येत होते, ते मी कापत राहिले. आईला अशा खोळंब्याची सवय होती. समोर काळा पडदा घेऊन ती शांतपणे घेवडा मोडत बसली.

मीटिंग संपली तेव्हा कापलेले अकरा कॉल होते. मावसभावाला फोन लावला तर मागे इंजिनाची घरघर.

"मावशी कशी हाय?" त्यानं विचारलं.

"मस्त आहे. का रे?"

"मग झालं. आईला सांगतो, पर उपयोग न्हाय. आम्ही एसटीत हाय."

अडकलेला व्हिडिओ माणसाचं नेमकं कुठलं रूप धरून ठेवतो ते सगळ्यांना माहीत आहे. अक्काला तिकडे दिसली होती ती तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले आणि मान एका बाजूला गेलेली बहीण. मग सगळं काळं. या दोघींची आई अशीच, बसल्या जागी भाजी निवडता निवडता गेली होती. 'नेट गेलं असंल' हे लेकानं दहादा सांगितलं. अक्कानं ते ऐकलं नाही. दोन्ही अर्थांनी नाही म्हणा, पण चपला घालून ती स्टँडवर गेली ते खरं.

साडेसातला ती आमचे दोन मजले चढून आली. जिन्यात चार वेळा थांबली, तो प्रत्येक श्वास मला वरून ऐकू येत होता आणि मला स्वतःची लाज वाटत होती. आत आल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ आईसमोर गेली, तिची हनुवटी धरली.

"हात हलीव."

आईनं हलवला.

"दुसरा."

तोही हलवला. मग अक्का खाली बसली आणि पिशवीतून शेंगा काढल्या. बहिणीचं मरण बघायला निघालेली बाई, पण रिकाम्या हातानं आली नव्हती.

"येतो म्हणल्याबिगर कशी गेलीस गं?" ती म्हणाली. "आजपतोर कधी गेली न्हाईस."

आमच्याकडच्या बायका येते नाही म्हणत, येतो म्हणतात, आणि ते म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. रोज पाच वाजता आई ते टॅबलेटलाही म्हणायची. मी ते ऐकायची, पण माझ्या हिशेबी ते शेवटचे दोन-चार एमबी होते.

"मी न्हाय गेलो," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "हिनं बंद केलं." आई मला सांभाळून घेईल असं मला का वाटलं होतं कोण जाणे.

अक्कानं मला जवळ बोलावलं. शिव्या खायची माझी तयारी होती. ती म्हणाली, "पोरी, तुझं काय संपतंय ते मला कळत न्हाय. संपू दे. बंद बी कर. पर आधी सांग बाई. आमचं वय बघ. येतो तेवढं म्हणू दे."

चहा टाकायला म्हणून मी उठले आणि बराच वेळ आतच राहिले. भावाला सगळं कळवलं. त्यानं हसणारे तीन चेहरे पाठवले.

अक्का दोन दिवस राहिली. दोघी शेजारी शेजारी बसून शेंगा फोडत होत्या, आणि तेव्हाही बोलल्या असतील चार-सहा शब्द.

आता हॉटस्पॉट बंद करायच्या आधी मी सांगते. पण आईनं माझ्यावर विश्वास ठेवायचं सोडून दिलंय. माझ्या फोनवर पन्नास टक्क्यांचा मेसेज वाजला की ती मान वर करते, "येतो गं अक्का" म्हणते. तिकडून अक्का हात वर करून "ये" म्हणते. मग दोघी खाली मान घालून पुन्हा कामाला लागतात, आणि उरलेले पन्नास टक्के निवांत बसून राहतात.